गोव्यात भाड्याची खोली घेताय? आधी पाणी आणि संडास बघा

गोव्यात कामाला येणारा माणूस आधी भाडं विचारतो, मग कामाची जागा किती लांब ते विचारतो. वास्कोत बायणा किंवा मांगोरहिल, सांकवाळचं झुआरीनगर, मडगावचा मोतीडोंगर, चिंबलचं इंदिरानगर, कुठेही खोली बघायला गेलात तरी बोलणं याच दोन गोष्टींवर संपतं. पाण्याची आणि संडासाची चौकशी राहून जाते. ती होते जून-जुलैत, घरातल्या लहान मुलाला जुलाब सुरू झाल्यावर. तोवर डिपॉझिट अडकलेलं असतं आणि खोली बदलणं जड जातं.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग, कुठूनही आलेल्या आणि इथल्या व्यवस्थेची ओळख नसलेल्या घरासाठी हे आहे. सगळ्याच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत: पिण्याचं पाणी कुठून येतं आणि संडासातली घाण कुठे जाते? हे दोन रस्ते एकमेकांना जिथे भेटतात, तिथून आजार सुरू होतो.

पहिली पायरी: डिपॉझिट देण्याआधी

खोली बघायला संध्याकाळी जाऊ नका, पाण्याच्या वेळेला जा. ही वेळ मालकाला न विचारता शेजारच्या खोलीतल्या बाईला विचारा. "मावशी, नळाला पाणी किती वाजता येतं? उन्हाळ्यात येतं का? किती घरं भरतात या नळावर?" एवढ्या तीन प्रश्नांत मालक सांगणार नाही ते सगळं कळतं.

मग नळापासून मागे चालत जा. पाइप कुठून आला आहे ते डोळ्यांनी बघा. बऱ्याच वाड्यांत घरगुती जोडणीचा बारीक पाइप उघड्या गटारातून किंवा गटाराच्या कडेनं गेलेला असतो, आणि जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते. पाणी जोरात असतं तोवर त्या जोडातून ते बाहेर ठिबकतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आत ओढ निर्माण होते आणि गटाराचं पाणी त्याच फटीतून आत शिरतं. दुसऱ्या दिवशी नळाला पहिलं पाणी येतं ते हेच. जलशुद्धीकरण प्रकल्पातून कितीही चांगलं पाणी सुटलेलं असो, शेवटच्या वीस फुटांत ते बिघडू शकतं.

विहिरीवर भागत असेल तर विहिरीपासून सर्वांत जवळचा शोषखड्डा, म्हणजे संडासाचं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, किती लांब आहे ते पावलांनी मोजा. निदान १५ मीटर तरी हवं. गोव्याच्या चिऱ्याच्या दगडात भेगा आणि पोकळ्या असतात, पावसाळ्यात त्यांतून पाणी भराभर झिरपतं, म्हणून जास्त अंतर मिळालं तर उत्तमच. झऱ्याच्या पाण्यालाही हेच लागू. झऱ्याचं पाणी थंड आणि नितळ असतं, जुनी माणसं त्याची चव सांगतात, पण वरच्या डोंगरावर वस्ती वाढली असेल तर ते पाणी प्रक्रिया केल्याशिवाय पिऊ नये.

संडास किती खोल्यांत एक आहे, दाराला आतून कडी आहे का, रात्री दिवा आहे का, आत पाणी आहे का, हे घरातल्या बाईला बघू द्या. हा निर्णय तिचाच असू द्या. जिथे संडास लांब आणि अंधारात असतो तिथे बायका संध्याकाळनंतर पाणी प्यायचं टाळतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि गरोदर बाईला तो महागात पडतो.

दुसरी पायरी: तुमचं पाणी कोणाचं आणि वस्ती कोणाची

दक्षिण गोव्याचं बरंचसं पाणी सांग्यातल्या साळावली धरणाचं. वास्को, मडगाव त्यावरच. पणजी, तिसवाडी आणि फोंड्याला खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येतं. म्हापसा आणि बार्देशाला अस्नोड्याहून, आणि त्यात मोठा वाटा सिंधुदुर्गातल्या तिळारी धरणाच्या कालव्याचा. तिळारीचा कालवा फुटला की बार्देशचे नळ कोरडे पडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टीजवळ ओप्याची जलवाहिनी फुटली तेव्हा ऐन पावसाळ्यात पणजी आणि फोंडा कित्येक दिवस टँकरवर होते. म्हणून बाहेर धो धो पाऊस असला तरी घरात दोन दिवसांचं पाणी भरलेलं असू द्या.

गोव्यात नळाच्या पाण्याचं काम वर्षानुवर्षं साबांखाकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होतं; आता त्यासाठी वेगळं पेयजल खातं आहे. बिलावर तुमच्या विभागाच्या कार्यालयाचं नाव असतं. बिल मालकाच्या नावावर असलं तरी त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यावरचा ग्राहक क्रमांक तक्रारीच्या वेळी लागतो.

गटार, कचरा आणि सार्वजनिक संडास मात्र पालिकेकडे किंवा पंचायतीकडे. इथे नवा माणूस हमखास फसतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली, पण शहरासारखी दिसणारी कितीतरी वस्ती कागदावर पंचायतीत आहे. बायणा मुरगाव पालिकेत, मोतीडोंगर मडगाव पालिकेत, पण झुआरीनगर सांकवाळ पंचायतीत आणि इंदिरानगर चिंबल पंचायतीत. तुमचा वॉर्ड कोणता आणि नगरसेवक किंवा पंच कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

२०२० च्या ऑक्टोबरात गोवा देशातलं पहिलं 'हर घर जल', म्हणजे घरोघरी नळ असलेलं, राज्य जाहीर झालं. मोजणी ग्रामीण घरांची होती. एका मालकाच्या एका नळावर सात-आठ भाड्याच्या खोल्या कशा भागतात, हे त्या आकड्यात दिसत नाही. खोल्या जास्त असतील तर सगळ्या भाडेकरूंनी मिळून मालकाला वाढीव जोडणीचा अर्ज करायला लावा. घर नियमित नसेल तर मालक "मला जोडणी मिळतच नाही" म्हणतो. ते नेहमीच खरं नसतं. १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली आरोग्य अधिकाऱ्याच्या ना-हरकत दाखल्यावर नळ आणि विजेची जोडणी मागण्याची वाट गोव्यात आहे. दाखला मिळेलच असं नाही, पण अर्ज करता येतो, आणि त्यासाठी तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रातच जावं लागतं.

टँकरचं पाणी घेत असाल तर ते कुठल्या विहिरीचं, हे विचारा. २००२ च्या भूजल नियमन कायद्यानुसार विहिरीची आणि पाणी वाहणाऱ्या टँकरची नोंदणी लागते. नोंदणीचा टँकर म्हणजे शुद्ध पाणी असा अर्थ मात्र काढू नका. टँकरचं पाणी पिण्याआधी शुद्ध करायचंच.

तिसरी पायरी: घरात पाणी शुद्ध करणं

नळाला पाणी आलं की पहिली दोन-तीन मिनिटं ते वेगळ्या बादलीत घ्या. ते फरशी आणि संडासाला वापरा. पिण्याचं त्यानंतर भरा.

पाणी गढूळ असेल तर आधी तसंच ठेवून गाळ बसू द्या, मग सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते मातीशीच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाका. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, म्हणून पाकिटावर किती लिटरला एक ते वाचून तेवढ्याच पाण्यात टाका आणि अर्धा तास झाकून ठेवा. थोडा वास राहिला तर घाबरू नका. तो वास पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्याची खूण आहे. उकळायचं असेल तर रटरटून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. गॅस परवडत नाही हे खरं आहे. अशा घरानं निदान लहान मुलांचं, गरोदर बाईचं आणि आजारी माणसाचं पाणी उकळावं, बाकीच्यांना क्लोरीन.

शुद्ध केलेलं पाणी घरातच परत बिघडतं, आणि ते बहुतेक वेळा हातानं. पिंपात पेला बुडवून पाणी घेतलं की बोटं बुडतात. तोटीचा पिंप घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते खिळ्याला टांगा.

वाडीची सामाईक विहीर असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला ब्लिचिंग पावडर टाकायला हवी. हे काम चार घरांनी मिळून शिकून घेण्यासारखं आहे. हिशोब असा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ०.७८५ नं गुणा. जो आकडा येईल तितके हजार लिटर पाणी विहिरीत आहे. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर. समजा व्यास दोन मीटर आणि पाणी तीन मीटर खोल, तर सुमारे ९,४०० लिटर पाणी झालं. त्याला २५ ग्रॅमच्या आत-बाहेर पावडर लागते. ती कोरडी विहिरीत फेकायची नाही. तोंडावर कापड बांधून एका प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. चुना तळाला बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोरीनं विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, इकडे-तिकडे हलवा. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका. रात्री टाकलं तर सकाळपर्यंत काम झालेलं असतं. निदान एक तास तरी कोणी पाणी काढू नये.

गोव्याच्या दमट हवेत ही पावडर फार लवकर निकामी होते. उघड्या पोत्यातली, वास गेलेली पावडर टाकणं म्हणजे नुसता चुना टाकणं. आरोग्य केंद्रातून किंवा पंचायतीकडून ताजी मागा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पाणी दूषित आहे अशी शंका असेल तर एचटूएस बाटलीची साधी तपासणी करून घ्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ठेवा; एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर त्यात मैल्याचा अंश असण्याची दाट शक्यता. काळी पडलेली बाटली कार्यालयात टेबलावर ठेवली की बोलणं लवकर पुढे सरकतं.

चौथी पायरी: संडास आणि सेप्टिक टाकी

पणजीतल्या टोंकला आणि मडगावजवळच्या शिरवडेला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहेत, पण मलनिस्सारणाच्या वाहिन्या सगळ्या वस्तीला पोचलेल्या नाहीत. तुमच्या खोलीचा संडास बहुधा सेप्टिक टाकीला जोडलेला असेल. टाकीतलं पाणी शोषखड्ड्यात जायला हवं. पुष्कळ ठिकाणी ते सरळ पाइपानं नाल्यात सोडलेलं असतं. तोच नाला पुढे नदीला मिळतो. सासष्टीतली साळ नदी आणि पणजीतला सांतिनेजचा नाला यांची आजची अवस्था अशाच सांडपाण्यानं झाली आहे.

टाकी भरल्याची लक्षणं: पाणी सावकाश उतरतं, बुडबुडे येतात, झाकणाभोवती ओल दिसते. पावसाआधी, एप्रिल-मेमध्येच मैलाटँकर बोलावून ती उपसून घ्या. जूनमध्ये टँकर मिळत नाही आणि मिळाला तरी चिखलात आत येत नाही. खर्च मालकाचा, हे खोली घेतानाच बोलून ठेवा.

एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतल्या वायूनं एका श्वासात शुद्ध जाते, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. २०१३ च्या कायद्यानं हे करवून घेणं गुन्हा आहे. मालकानं तुम्हाला किंवा तुमच्या गावाकडच्या मुलाला चार पैशांसाठी उतरायला सांगितलं तर साफ नकार द्या.

बायो-टॉयलेट असेल तर त्यात ॲसिड, फिनाइल ओतू नका. मैला पचवणारे जिवाणू त्यानं मरतात आणि आठवडाभरात दुर्गंधी सुरू होते. साध्या पाण्यानं आणि ब्रशनं धुवा. सॅनिटरी पॅड किंवा लहान मुलांचे लंगोट कुठल्याच संडासात टाकू नयेत, ते कागदात गुंडाळून वेगळ्या कचऱ्यात द्यावेत.

लहान मुलाची शी निरुपद्रवी असते असा चुकीचा समज घरोघरी आहे. ती अंगणात किंवा गटारात टाकू नका, संडासातच टाका आणि साबणानं हात धुवा.

पाचवी पायरी: साठवलेलं पाणी आणि डास

पाणी तुटपुंजं म्हणून आपण साठवतो, आणि साठवलेल्या पाण्यात डास होतात. गोव्यातल्या शहरी मलेरियाचा डास छतावरच्या टाकीत, विहिरीत आणि बांधकामावर साचवलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा डास पिंपात, टायरात, करवंटीत, छपरावर घातलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खळग्यात.

पिंपात टॉर्च मारून बघा. पाण्याच्या पृष्ठभागाला तिरक्या लटकलेल्या, उजेड पडताच वळवळत खाली जाणाऱ्या अळ्या डेंग्यूच्या डासाच्या असू शकतात. पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या दिसल्या तर मलेरियाच्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. काथ्यानं किंवा ब्रशनं भिंत घासा, मग उन्हात उपडं घाला. विहिरीत गप्पी मासे सोडायचे असतील तर आरोग्य केंद्रात विचारा.

सहावी पायरी: आरोग्याचे कागद

बांधकामावर काम असेल तर हेल्थ कार्ड लागतं. रक्त तपासून आरोग्य केंद्रातून ते मिळतं आणि ठरावीक काळानं नूतनीकरण करावं लागतं. हे काढून देणं ठेकेदाराची जबाबदारी. बांधकामाच्या जागीच राहत असाल तर पिण्याचं पाणी, संडास आणि राहण्याची सोय काम देणाऱ्याकडे मागा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं ती बंधनकारक होती, आणि पिण्याच्या पाण्याची जागा संडासापासून निदान ६ मीटर दूर असावी असं त्यात लिहिलेलं होतं; २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. वर्षात ९० दिवस काम झालं असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नावनोंदणी करता येते.

महाराष्ट्रातून आलेल्या बायका इथे आशाताई शोधतात. आशाची योजना गोव्यात तशी नाही. इथे अंगणवाडीताई आणि आरोग्य केंद्राची नर्स यांना गाठायचं. गावाकडचं माता-बाल संरक्षण कार्ड इथेही चालतं, ते बरोबर आणा. बाळाची लस आणि गरोदरपणाची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, मतदान कार्ड कुठलं ते कोणी विचारत नाही.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड मात्र गोव्यात पाच वर्षं वास्तव्य असलेल्यांनाच मिळतं. तोवर गावाकडून काढलेलं आयुष्मान कार्ड जपून ठेवा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना काही उपचारांचे पैसे पडतात. म्हणून साध्या तापाला थेट बांबोळी गाठू नका. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथे शहरी आरोग्य केंद्रं आहेत, चिखली आणि फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ आहे. तिथून चिठ्ठी घेऊन पुढे जाणं सोपं पडतं.

पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाकडून भरून घ्या आणि त्याची प्रत ठेवा. इथे कधीपासून राहता हे दाखवायला पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

सातवी पायरी: आजार आलाच तर

जुलाब: पहिल्या जुलाबापासून ओआरएस. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदमच. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम झिंक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, लघवी थांबली, बाळ मलूल पडलं, शीतून रक्त पडलं तर १०८ ला फोन करा.

ताप: त्याच दिवशी केंद्रात रक्त तपासा. मलेरिया निघाला आणि तो व्हायव्हॅक्स असेल तर गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि माणूस कामावर जातो, गोळ्या डब्यात राहतात. जंतू यकृतात दडून बसतो आणि दोन-चार महिन्यांनी ताप परत येतो. बाई गरोदर असेल तर तसं आधी सांगावं, तिची औषधं वेगळी असतात. डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉलखेरीज दुखण्याची दुसरी गोळी घेऊ नका. आणि ताप उतरल्यावरच पोटात फार दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त असं काही झालं तर तो धोक्याचा काळ समजून लगेच इस्पितळात न्या. ताप गेला म्हणून गाफील राहण्यानं माणसं गेली आहेत.

डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्याच्या औषधात आठवडा घालवू नका, गरोदर बाईच्या बाबतीत तर एक दिवसही नको. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब किंवा कावीळ दिसली तर केंद्राला लगेच कळवा. तपासणीसाठी पाण्याचे नमुने तेव्हाच घ्यायला हवेत, आठवड्यानं घेऊन काही सापडत नाही.

आठवी पायरी: अर्ज

तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. कागदावर लिहा. गोव्याच्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापरालाही मुभा आहे, त्यामुळे मराठीत लिहायला संकोच करू नका. एक पान पुरे. वर वॉर्ड किंवा वाड्याचं नाव, खाली नेमकी जागा: "अमुक दुकानामागच्या गटारातून जाणारा नळाचा पाइप जोडावर गळतो, त्यावर इतकी घरं पाणी भरतात, या महिन्यात इतक्या मुलांना जुलाब झाले." फोटो जोडा. मागणी एकच ठेवा: पाइप गटाराबाहेर घ्यावा. दहा मागण्यांच्या अर्जात सर्वांत सोपी मागणी पूर्ण करून फाइल बंद होते. दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या, त्यांत बायकांच्या जास्त. त्या वस्तीतले मतदार असलेले शेजारी आधी सही करतील असं बघा. ग्रामसभेत विषय मांडायचा झाला तर मतदारालाच बोलता येतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्याचीच एक प्रत आरोग्य केंद्रालाही द्या. पाण्याचं खातं, पालिका किंवा पंचायत ऐकत नसेल तेव्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या पत्राचं वजन पडतं. तरीही हालचाल नसेल तर दहा रुपये भरून माहितीचा अधिकार वापरा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. "कारवाई का झाली नाही" असं विचारू नका, त्याला गोलमाल उत्तर येतं. आमच्या वाहिनीच्या शेवटच्या नळावर क्लोरीन कोणत्या तारखांना तपासलं आणि किती निघालं, त्या नोंदवहीच्या पानांची प्रत मागा. पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवं. पानं कोरी असली किंवा आकडा कमी असला तर पुढचा अर्ज त्याच पानांची प्रत जोडून करा.